वाचनालयाची जागा: मालकीची, भाड्याची की सामाईक?

सातारा-सांगली भागातल्या जुन्या वाचनालयांना जागा मिळाल्या त्या बहुतेक संस्थानिक, नगरपालिका नाहीतर दानशूर गावकऱ्यांकडून. औंधला तर तिथले संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली संग्रहालय आणि ग्रंथालयासाठी खास वास्तूच उभी केली. शेजारच्या कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये ग्रंथालय कायदा केला. महाराष्ट्राचा आला १९६७ साली. त्यात ग्रंथालय उपकर, म्हणजे ग्रंथालयांसाठीचा वेगळा कर, नाही. वाचनालय नोंदणीकृत संस्थेने चालवायचं आणि सरकारने अ, ब, क, ड वर्गानुसार परिरक्षण अनुदान, म्हणजे ते चालवण्याच्या खर्चासाठीची मदत, द्यायची, अशी रचना. त्यामुळे जागेचं ओझं आजही कार्यकारिणीवरच आहे. पुस्तकं, नियतकालिकं, वीजबिल भागवायचं त्याच वेतनेतर, म्हणजे पगार सोडून उरणाऱ्या, पैशातून भाडंही जातं. भाडं वाढलं की आधी मासिकं बंद होतात.

भाड्याच्या जागेत करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या संरक्षणावर विसंबून राहायची सवय जुनी आहे, पण सरकार किंवा नगरपालिकेच्या मालकीच्या जागेला तो लागू नाही. जागा देवस्थानाची असेल, तर तीन वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ती न घेता केलेला दहा वर्षांचा करार पुढचे विश्वस्त सहज मोडीत काढू शकतात.

‘आमची स्वतःची इमारत आहे’ हेही तपासून घ्यावं. भिंती संस्थेच्या, पण जमीन नगरपालिकेची, असं पुष्कळदा निघतं. मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) धारक म्हणून कुणाचं नाव आहे, ते आधी बघायचं. इमारत निधीचा प्रस्ताव नंतर.

सांगलीत यात कृष्णाही येते. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. भिजलेली पुस्तकं फुगून रॅकमध्ये घट्ट बसतात, दिवाळी अंकांची गुळगुळीत पानं एकमेकांना चिकटतात, दोन दिवसांत बुरशी धरते. मग साहजिकच सगळं वरच्या मजल्यावर न्यायचं ठरतं. इथेच फसगत होते. राहत्या खोलीचा स्लॅब भारतीय मानकानुसार चौरस मीटरला साधारण २०० किलो भारासाठी धरलेला असतो. पुस्तकांच्या रॅकच्या खोलीला ६०० किलो लागतात, तेही रॅक २.२ मीटर उंचीच्या आत असतील तर. जुन्या माळवदी घराचं तर विचारूच नका. भाड्याच्या घरात स्लॅब मजबूत करायला मालक खर्च करत नाही आणि संस्थेने केला तर तो परत मिळत नाही. पूररेषेतल्या गावांत मालकीच्या बाजूने सगळ्यात भक्कम मुद्दा मला तरी हाच वाटतो.

वाटून घेतलेल्या जागेचा धाडसी प्रयोग महाबळेश्वर तालुक्यातल्या भिलारचा. मे २०१७ पासून तिथे घरांत, लॉजमध्ये, देवळांत पुस्तकं मांडली आहेत. मात्र पर्यटकाने बसून वाचणं वेगळं, रोजची देवघेव वेगळी. समाजमंदिरातल्या वाचनालयाला लग्नसराईत, मतदानाच्या दिवशी टेबलं आवरावी लागतात. ग्रामपंचायतीशी ठराव करताना वेळा, स्वतंत्र वीजमीटर, कुलपाची कपाटं आणि किल्ली कुणाकडे राहणार, एवढं लिहून घ्यावं. किल्लीवरून जेवढी वाचनालयं बंद राहतात, तेवढी भाड्यावरून राहत नसतील.