चक्कर आणणारे व्यायाम

"चक्कर येतेय? मग जरा पडून राहा." हा सल्ला घरोघरी मिळतो. याच्या बरोबर उलटा उपचार, म्हणजे ज्या हालचालीने गरगरतं तीच मुद्दाम करायला लावणं, १९४०च्या दशकात लंडनमध्ये आकाराला आला.

त्याआधी चक्कर येते कुठून, इथपासूनच घोळ होता. घेरी, भोवळ, डोळ्यांपुढे अंधारी असे वेगवेगळे शब्द हाताशी असून आपण सगळ्याला चक्करच म्हणतो. युरोपातले डॉक्टर तर सगळं खापर मेंदूत रक्त साचण्यावर फोडत. १८६१ मध्ये पॅरिसच्या प्रॉस्पेर मेनिएर यांनी आतल्या कानाकडे बोट दाखवलं. पुढे व्हिएन्नात रॉबर्ट बारानी यांनी कानात गार आणि गरम पाणी सोडून बुबुळं कुठल्या दिशेला उडतात ते टिपलं. १९१४चं नोबेल त्यांना जाहीर झालं तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते.

निदान सुधारलं, पण उपचार अंथरुणातच अडकला होता. किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधले कानाचे सर्जन टेरेन्स कॉथॉर्न यांना दिसलं, की शस्त्रक्रियेनंतर जे रुग्ण लवकर हिंडू-फिरू लागतात ते लवकर सावरतात. मग त्यांनी आणि एफ. एस. कुक्सी यांनी व्यायाम बांधले. आधी पडल्यापडल्या नुसते डोळे वर-खाली, मग मान. नंतर बसून, वाकून जमिनीवरची वस्तू उचलायची. उभं राहता आलं की चेंडू या हातातून त्या हातात, गुडघ्याखालूनही. शेवटी डोळे मिटून जिना चढायचा-उतरायचा. हे सगळं शक्यतो गटात, खेळासारखं: एकजण मधे उभा, बाकीचे त्याच्याभोवती फिरत त्याने फेकलेला मोठा चेंडू परत टाकणार.

शरीराच्या तोलाबद्दल कान एक सांगतो, डोळे आणि पाय दुसरंच. हा विसंवाद पुन्हापुन्हा अनुभवल्याशिवाय मेंदू हिशेब नव्याने मांडत नाही. म्हणूनच चक्कर दाबणाऱ्या गोळ्या महिनोन्‌महिने चालू ठेवल्या, तर ही सवय लागायला उलट उशीर होतो.

कूस बदलताना अचानक गरगरतं, त्याची गोष्ट वेगळी. तिथे कानातले कॅल्शियमचे बारीक खडे जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत शिरलेले असतात, आणि सरावापेक्षा ते बाहेर काढणं महत्त्वाचं. अमेरिकेतल्या पोर्टलंडचे जॉन एप्ली यांनी १९८० मध्ये त्याची युक्ती मांडली. रुग्णाला आडवं करून डोकं टप्प्याटप्प्याने वळवायचं, की खडे घरंगळत नळीबाहेर येतात. पाच-दहा मिनिटांचं काम. इतकं सोपं असल्यामुळेच बहुधा, सहकाऱ्यांचा त्यावर विश्वास बसेना. एप्लींचा गाजलेला शोधनिबंध छापून यायला १९९२ उजाडलं.