रेडस्टोनची जोडणी आणि विजेचा परिपथ: मूल नेमके काय शिकते?

माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांच्या जगाचा संगणकीय खेळ खेळणारे दहा-बारा वर्षांचे मूल एके दिवशी लिव्हर ओढून लोखंडी दार उघडून दाखवते, दुसऱ्या दिवशी अंधार पडताच आपोआप लागणारे दिवे दाखवते, आणि घरातली मोठी माणसे समाधानाने म्हणतात की आता याला शाळेतला विजेचा धडा सोपा जाईल. कौतुक अगदी रास्त आहे. अनुमान मात्र चुकीचे आहे. खेळातल्या या जोडण्यांना मुले 'सर्किट' म्हणतात आणि त्या दिसतातही तारांसारख्या, म्हणून हा गोंधळ होतो. प्रत्यक्षात या जोडण्या ज्यापासून बनतात तो रेडस्टोन हा खेळातला पदार्थ विजेविषयी फार थोडे शिकवतो आणि तर्काविषयी पुष्कळ शिकवतो.

खेळात जमिनीखाली खोलवर सापडणारे खनिज फोडले की लाल भुकटी मिळते. ती ठोकळ्यांवर ओळीने पसरली की तिच्यातून संकेत जातो. उगमाजवळ या संकेताची ताकद १५ असते आणि दर ठोकळ्यामागे ती एकने घटते, त्यामुळे सोळाव्या ठोकळ्यापर्यंत काहीच पोहोचत नाही. त्याहून पुढे जायचे असेल तर मध्ये रिपीटर बसवावा लागतो, जो संकेत पुन्हा १५ वर आणतो, पण त्याला थोडा उशीरही लावतो. मुलांना हे आकडे पाठ असतात.

पहिला आणि सर्वांत मोठा फरक परतीच्या वाटेचा आहे. सेलला छोटा बल्ब जोडताना एका टोकाकडून निघालेली वाट बल्बातून जाऊन दुसऱ्या टोकाशी परत आली नाही, तर बल्ब लागतच नाही, कारण विद्युतधारा वाहण्यासाठी परिपथ बंद असावा लागतो. रेडस्टोनमध्ये परतीची वाट नसतेच. संकेत उगमाकडून दिव्याकडे जातो आणि तिथे गोष्ट संपते. तिथे उगमही कधी आटत नाही, तर खरा सेल वापरागणिक उतरत जातो. रेडस्टोनमध्ये तरबेज असलेले मूल पहिल्यांदा खरा बल्ब जोडताना एकच तार लावून थांबले, तर आपण आश्चर्य वाटून घेऊ नये. त्याने शिकलेला नियम त्याच्या जगात बरोबरच होता.

दुसरा फरक अधिक सूक्ष्म आहे आणि माझ्या मते मुलाशी बोलण्यासारखा हाच आहे. आपल्या भिंतीवरचे बटण वीज निर्माण करत नाही. ते आधीपासून उपलब्ध असलेल्या परिपथात खंड पाडते किंवा तो जोडते. खेळातला लिव्हर मात्र स्वतःच संकेताचा उगम असतो. म्हणून चालू संकेताच्या ओळीशेजारी नवा लिव्हर बसवून तो बंद ठेवला तरी ओळ तुटत नाही, दिवा लागलेलाच राहतो. शाळेत शिकवल्याप्रमाणे दोन बटणे एकसर जोडणीत ठेवली तर दिव्यासाठी दोन्ही चालू असावी लागतात. खेळात दोन लिव्हर एकाच ओळीवर ठेवले तर कोणताही एक पुरतो. दिसायला सारखी असलेली मांडणी दोन ठिकाणी नेमकी उलट वागते.

अंतरासोबत ताकद घटते, हे साम्य वरवरचे आहे. खऱ्या तारेतली घट तिच्या लांबीइतकीच तिच्या जाडीवर, धातूवर आणि तिच्यातून वाहणाऱ्या विद्युतधारेवर अवलंबून असते; धारा वाहत नसेल तर विभवांतरात (व्होल्टेजमध्ये) घट होतच नाही. रेडस्टोनमध्ये फक्त ठोकळे मोजायचे असतात. शिवाय खेळातला दिवा १ च्या संकेतावरही तितकाच लखलखीत लागतो जितका १५ च्या संकेतावर, आणि खऱ्या बल्बाचे तसे नसते.

मग मूल शिकते काय? रेडस्टोनची एक मशाल असते. ती ज्या ठोकळ्यावर लावली आहे त्या ठोकळ्याला संकेत मिळाला की ती विझते, संकेत थांबला की पुन्हा पेटते. हे 'नाही' म्हणणारे तर्कद्वार (लॉजिक गेट) आहे, म्हणजे आलेला संकेत उलटा करून देणारी जोडणी. (इंग्रजीत याला इन्व्हर्टर म्हणतात; भारनियमनामुळे आपल्या घरात आलेला इन्व्हर्टर बॅटरीची वीज घरच्या उपकरणांसाठी बदलून देणारे यंत्र आहे, त्याचा याच्याशी संबंध नाही.) अशा तीन मशाली वापरून 'आणि' बांधता येते: दोन लिव्हर आपापल्या मशाली विझवतात, त्या दोन्ही विझल्या तरच मधली ओळ शांत होते, आणि ती शांत झाली तरच तिसरी मशाल पेटते. 'दोन्ही चालू' हे विधान 'एकही बंद नाही' या रूपात मुलाने हाताने बांधलेले असते. हा विचार कागदावर समजावताना शिक्षकांची दमछाक होते; खेळात मूल तो चुकत, उकलत, कोणत्या ठोकळ्यापाशी संकेत अडला ते शोधत स्वतः गाठते. या शोधण्याच्या सवयीला मी सर्वांत अधिक मोल देतो.

वीज आणि तर्क यांचा खरा सांधाही आहे. गणितज्ञ जॉर्ज बूल यांनी एकोणिसाव्या शतकात तर्काचे बीजगणित मांडले होते, आणि १९३७ मध्ये क्लॉड शॅनन यांनी अमेरिकेतील एमआयटी या तंत्रसंस्थेतील आपल्या प्रबंधात दाखवले की विद्युत रिले (विजेनेच चालू-बंद होणारे स्विच) आणि साधे स्विच यांच्या जोडण्या त्याच बीजगणिताने मांडता येतात: एकसर जोडणी म्हणजे 'आणि', समांतर जोडणी म्हणजे 'किंवा'. संगणकाची रचना याच पायावर उभी राहिली. रेडस्टोनमध्ये मूल खेळते ते शॅनन यांच्या विषयाच्या या बाजूला. विभवांतर, धारा आणि रोध ही दुसरी बाजू त्याला बाहेरच भेटावी लागते.

ती भेट घडवायला जिन्यातला दिवा उत्तम आहे. खालच्या बटणाने लावायचा आणि वरच्या बटणाने घालवायचा हा दिवा खेळात बांधायला सांगा; 'दोहोंपैकी नेमका एकच' अशी अट मशालींनी रचायला मुलाला बराच वेळ लागेल. मग टॉर्चचा छोटा बल्ब, १.५ व्होल्टचे दोन सेल, तारा आणि दोन टू-वे स्विच (वाट दोन तारांपैकी एकीकडे वळवणारे) घेऊन तोच दिवा टेबलावर जोडायला बसा. भिंतीतल्या २३० व्होल्टच्या विजेला मात्र मुलाने हात लावायचा नाही, हे आधी स्पष्ट सांगावे, कारण खेळातल्या कोणत्याही जोडणीने त्याला कधी झटका दिलेला नाही. टेबलावर मशाल लागत नाही, ठोकळे लागत नाहीत. दोन स्विचमधल्या दोन तारा आणि सेलकडे परतणारी एक वाट एवढ्यात काम होते. ती परतीची तार काढून घेतली की दिवा का विझतो, हा प्रश्न मग मूल आपणहून विचारते.