वर्डच्या तक्त्यातल्या एकाच सेलला कुलूप का लागत नाही?

अर्जाचा कुठलाही साधा नमुना घ्या. दोन स्तंभांचा तक्ता असतो, डावीकडे ‘नाव’, ‘पत्ता’, ‘जन्मतारीख’ आणि उजवीकडे भरायची रिकामी जागा. डाव्या स्तंभाला कुणी हात लावू नये आणि उजव्यात लिहिता यावं, एवढंच नमुना करणाऱ्याला हवं असतं. एक्सेलमध्ये हे दोन मिनिटांचं काम आहे. वर्डमध्ये सेलवर राइट क्लिक केलं की बॉर्डर, मर्ज, टेबल प्रॉपर्टीज सगळं दिसतं, पण ‘लॉक’ कुठेच नाही. ही सोय द्यायची राहून गेली असं अनेकांना वाटतं. खरं कारण वर्डमध्ये तक्ता कसा घडला त्यात आहे.

स्प्रेडशीटमध्ये सेल ही मुळापासून स्वतंत्र वस्तू आहे. तिला पत्ता असतो, स्वतःचे गुणधर्म असतात. १९८३ च्या लोटस १-२-३ मध्येच अख्ख्या पानाचं संरक्षण चालू करून हव्या त्या सेली मोकळ्या ठेवता येत. एक्सेलने तीच रीत उचलली. तिथे प्रत्येक सेल आधीपासून ‘लॉक्ड’ असते आणि शीट प्रोटेक्ट केली की ते कुलूप लागू होतं.

लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये सुरुवातीला तक्ताच नव्हता. टॅब मारून स्तंभ जुळवायचे आणि एका ओळीत शब्द वाढला की खालचं सगळं हलायचं. १९८९ साली वर्डपरफेक्ट ५.१ आणि विंडोजसाठीचं पहिलं वर्ड दोन्ही खरे तक्ते घेऊन आले. वर्डपरफेक्टने सेलच्या गुणधर्मांत चक्क ‘लॉक’ दिलं होतं. वर्डने वेगळी वाट धरली. तिथे मजकूर एका ओघात वाहतो आणि सेल म्हणजे त्या ओघातली ‘इथे सेल संपली’ अशी एक खूण. कंट्रोल+शिफ्ट+८ दाबलं तर प्रत्येक सेलमध्ये छोट्या गोलासारखी दिसते ती हीच. जुन्या डॉक फाइलीत ती ७ क्रमांकाचं एक अक्षर म्हणून साठवली जाई. आरटीएफ या दस्तऐवज देवाणघेवाणीच्या स्वरूपात तर ‘तक्ता’ असं काही नसतंच. रांगेची व्याख्या असते आणि लागोपाठच्या रांगा मिळून तक्ता दिसतो. म्हणूनच दोन तक्त्यांमधला रिकामा परिच्छेद खोडला की ते एकमेकांना चिकटतात, आणि प्रत्येक रांगेच्या रुंद्या वेगळ्या असू शकतात. पुढे डॉक्स या वर्डच्या नव्या फाइल स्वरूपात तक्ता, रांग, सेल असे स्वतंत्र घटक आले, पण सेलच्या गुणधर्मांच्या यादीत कुलूप आलं नाही. परिच्छेदावरचं अवलंबन मात्र टिकलं. प्रत्येक सेलच्या शेवटी निदान एक परिच्छेद हवाच. दुसऱ्या सॉफ्टवेअरने बनवलेल्या डॉक्समध्ये तो नसेल तर वर्ड फाइल बिघडल्याचं सांगतं.

कुलूप आलं ते १९९३ च्या वर्ड ६ मध्ये, पण सेलला नव्हे, अख्ख्या दस्तऐवजाला. मजकूर, चेकबॉक्स आणि ड्रॉपडाउन असे तीन प्रकारचे फॉर्म फील्ड, म्हणजे भरायच्या जागा, मिळाले. संरक्षण चालू केलं की फक्त त्या करड्या फील्डमध्येच लिहिता येतं. दस्तऐवजाचा काही भाग मोकळा ठेवायचा असेल तर तो ब्रेक टाकून वेगळ्या सेक्शनमध्ये, म्हणजे दस्तऐवजाच्या स्वतंत्र विभागात, घालायचा आणि संरक्षणाच्या यादीतून त्या सेक्शनची खूण काढायची. इथेच तक्ता अडतो. सेलमध्ये कर्सर ठेवून सेक्शन ब्रेक घातला तर तक्ता त्या रांगेवर दुभंगतो. अर्धा तक्ता बंद आणि अर्धा मोकळा, हे सेक्शनने साधत नाही. जमतं ते एवढंच की तक्त्याच्या आधी आणि नंतर एकेक ‘कंटिन्युअस’ ब्रेक टाकायचा आणि तक्त्यात फॉर्म फील्ड बसवायचे.

या पद्धतीच्या अडचणी अजूनही जुने नमुने वापरणाऱ्यांना भेडसावतात. शेवटच्या सेलमध्ये टॅब दाबून नवी रांग मिळत नाही, कारण टॅब पुढच्या फील्डवर जातो. रांग वाढवायला मॅक्रो, म्हणजे वर्डमध्ये लिहिलेला छोटा प्रोग्रॅम, लागतो. तो मॅक्रो संरक्षण काढून पुन्हा लावतो, आणि लावताना ‘नोरीसेट’ हा पर्याय ‘ट्रू’ दिला नाही तर भरलेली सगळी माहिती पुसून फील्ड मूळ स्थितीत जातात. तासभर भरलेला अर्ज असा क्षणात कोरा होतो, तेव्हा दोष भरणाऱ्याचा नसतो.

मराठीपुरती आणखी एक अडचण होती. प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र कोड देणाऱ्या युनिकोडआधी मराठी टंकलेखन श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या फाँटांवर चाले. त्यांत अक्षरांचे कोड इंग्रजीचेच आणि फाँट बदलला की चिन्हांची खिचडी. फॉर्म संरक्षणात फाँट बदलण्याच्या आज्ञा बंद असतात. म्हणजे नमुना करणाऱ्याने फील्डला टाइम्स न्यू रोमन ठेवला असेल, तर मराठी टाइप करणाऱ्याच्या हाती काही उरत नसे. युनिकोडने हे सुटलं, पण त्याचं धाकटं भावंड मागे राहिलं. वर्ड देवनागरीसाठी फाँट आणि आकार वेगळा नोंदवतं. स्टाइलमध्ये फक्त लॅटिन भाग १२ केला आणि ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’चा भाग तसाच सोडला, तर भरलेलं मराठी लहान दिसतं आणि बंद फॉर्ममध्ये ते वाढवता येत नाही. तसंच परिच्छेदातलं ओळींचं अंतर ‘एक्झॅक्टली’ ठेवलं असेल तर रफार आणि वेलांट्यांची वरची टोकं कापली जातात. ‘अ‍ॅट लीस्ट’ ठेवावं.

वर्ड २००३ ने दुसरी वाट काढली. अख्खा दस्तऐवज ‘नो चेंजेस’ म्हणून बंद करायचा आणि काही जागांना अपवाद द्यायचा. आजही ती ‘रिव्ह्यू’मधल्या ‘रिस्ट्रिक्ट एडिटिंग’ खाली आहे. तिथल्या दुसऱ्या भागातल्या चौकटीत खूण करून ‘नो चेंजेस’ निवडा, उजव्या स्तंभातल्या सेली निवडा, अपवादांत ‘एव्हरीवन’वर टिचकी द्या आणि मग संरक्षण सुरू करा. कंट्रोल दाबून ठेवलं तर दूरदूरच्या जागाही एकदम निवडता येतात. रिकाम्या सेलमध्ये नुसता कर्सर ठेवून भागत नाही, तिथे निवडायला मजकूर नसतो. सेलच्या डाव्या कडेवर टिचकी मारून पूर्ण सेल निवडावी लागते. अपवादाची जागा फाइलीत सुरुवात आणि शेवट अशा दोन खुणांनी नोंदवली जाते, आणि तक्त्यासाठी त्या खुणेला ‘कितव्या स्तंभापासून कितव्यापर्यंत’ असे दोन जादा आकडे जोडावे लागले. सेल वस्तू नसल्याची ही सर्वांत बोलकी साक्ष.

सेलच्या कुलपाच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट २००७ मध्ये आली, ती म्हणजे कंटेंट कंट्रोल, मजकुराभोवती बसवायची चौकट. त्याला स्वतःची दोन कुलपं असतात. एक कंट्रोल खोडता येऊ नये म्हणून, दुसरं आतला मजकूर बदलू नये म्हणून. डाव्या स्तंभातलं ‘नाव’ रिच टेक्स्ट कंट्रोलमध्ये घालून दोन्ही लावा, उजवीकडे प्लेन टेक्स्ट कंट्रोल ठेवून फक्त पहिलं लावा. दस्तऐवजाला संरक्षण न लावताही डावीकडचा मजकूर बदलत नाही. पत्त्यासाठी एकाहून अधिक ओळी हव्या असतील तर प्लेन टेक्स्टमध्ये ‘अलाऊ कॅरेज रिटर्न्स’ चालू करायला विसरू नका. याहून सोपं हवं असेल तर उजवीकडे कंट्रोल बसवून अख्खा तक्ता निवडायचा आणि ‘डेव्हलपर’ टॅबमधून ‘ग्रुप’ करायचा. कंट्रोलबाहेरचं सगळं बंद होतं. २०१० मध्ये चेकबॉक्स आला आणि २०१३ मध्ये ‘रिपीटिंग सेक्शन’, ज्याच्या ‘+’ बटणाने मॅक्रोशिवाय नवी रांग मिळते. नव्या नमुन्यासाठी हीच पद्धत घ्यावी. फाइल जुन्या डॉक स्वरूपात असेल तर ही बटणं करडी दिसतील, आधी ‘फाइल’, ‘इन्फो’ इथून ‘कन्व्हर्ट’ करा. जुने फॉर्म फील्ड आणि नवे कंट्रोल एकाच दस्तऐवजात मिसळू नयेत.

लिबरऑफिस रायटरमध्ये मात्र सेली निवडून ‘टेबल’ मेनूतलं ‘प्रोटेक्ट सेल्स’ दाबलं की काम झालं. त्याच्या ओडीएफ या फाइल स्वरूपात सेलला ‘संरक्षित’ हा गुणधर्मच आहे. डॉक्समध्ये त्याला जागा नाही, म्हणून असा नमुना ओडीटीतच (ओडीएफची मजकूर-फाइल) जतन करून पाठवावा.

या सगळ्या कुलपांचा हेतू चुकून होणारा बदल टाळणं हा आहे, गुप्तता राखणं नाही. डॉक्स म्हणजे झिप केलेल्या एक्सएमएल फाइलींचा गठ्ठा. त्यातल्या सेटिंग्जच्या फाइलीतला संरक्षणाचा एक घटक काढला की पासवर्डसकट बंधन जातं. फाइल उघडण्याचा पासवर्ड वेगळा, तो मजकूर खरोखर एन्क्रिप्ट करतो, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात बदलतो. आकड्यांत फेरफार होणं परवडणार नसेल तर डिजिटल सही केलेला पीडीएफ द्यावा.

हाती आलेला नमुना कुठल्या पिढीचा आहे ते भरण्याच्या जागेवरून कळतं. करडा पट्टा असेल तर १९९३ ची रीत, पिवळसर छटा आणि चौकोनी कंस असतील तर २००३ ची, आणि टिचकी मारल्यावर नावाच्या टॅबसह चौकट उमटली तर कंटेंट कंट्रोल. दुरुस्ती त्याच रीतीने करावी लागते.