विणीची दोरी : निवड आणि वापर

विणीची दोरी म्हणजे पेडांना पीळ न देता ते एकमेकांवरून-खालून तिरपे गुंफून केलेली गोल दोरी. सोलापुरात ती सरसकट 'नायलॉन दोरी' म्हणून मागितली जाते. प्रत्यक्षात त्या नावाखाली नायलॉन, पॉलिस्टर आणि पॉलिप्रॉपिलीन असे तीन वेगळ्या गुणांचे माल खपतात.

मागावर ताणा उभा आणि बाणा आडवा जातो, हे सोलापूरकराला सांगायला नको. विणीच्या यंत्रात मात्र कांड्यांचे, म्हणजे धागा गुंडाळलेल्या नळ्यांचे, दोन गट नागमोडी वाटांवरून एकमेकांविरुद्ध गोल फिरतात आणि सगळेच धागे तिरपे बसतात. भार आला की वीण आवळते, पण दोरी स्वतःभोवती फिरत नाही. पिळाच्या दोराला लावलेला पोहरा विहिरीतून गरगरत येतो, विणीच्या दोराला लावलेला सरळ वर येतो. काही दोऱ्यांत आत गाभ्याचे सुटे पेड आणि बाहेर विणीचे कवच असते. दुसऱ्या महायुद्धात पॅराशूटसाठी वापरलेली नायलॉन दोरी याच घडणीची. तिचा आजचा परिचित प्रकार सुमारे ४ मिमी जाडीचा असून ५५० पौंड, म्हणजे जवळपास २५० किलो भार सोसतो.

या भागात दोरी घेताना ताकदीच्या आधी उन्हाचा विचार करावा. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त आणि रंगीत असते, पण सोलापूरच्या उन्हात ते लवकर कुजते. रंग उडतो, वरचे तंतू खरखरीत होऊन हाताला टोचतात आणि चुरगाळले की भुसा पडतो. अशी दोरी दिसायला जाड असली तरी झटक्यात तुटते. सांगोल्याकडे फळांनी वाकलेल्या डाळिंबाच्या फांद्या एका हंगामापुरत्या सावरायला ती चालेल, गच्चीवर कायमची बांधायला नाही. ओळखायची खूण सोपी आहे. तुकडा पाण्यात पिळून हवा काढावी आणि सोडून द्यावा : पॉलिप्रॉपिलीन तरंगते, बाकी दोन्ही बुडतात.

नायलॉन ताणले जाते, म्हणून गाडी ओढताना बसणारा झटका ते पचवते. मात्र पाणी पिऊन ते सैलावते आणि त्याची ताकदही थोडी घटते. आषाढीला माळशिरसमार्गे पंढरपूरला निघालेल्या दिंडीच्या राहुटीला नायलॉन दोऱ्या लावल्या असतील, तर पावसाच्या सरीनंतर त्या पुन्हा आवळाव्या लागतात. पॉलिस्टर कमी ताणते आणि ऊन चांगले सोसते. कायम उघड्यावर राहणाऱ्या कामाला, थोडे जास्त पैसे गेले तरी, तेच घ्यावे.

कपडे वाळत घालण्याच्या दोरीचे काम वाटते तितके हलके नसते. समजा ५ मीटर अंतरावर बांधलेल्या दोरीच्या मध्यावर ओली सोलापुरी चादर टाकली, तिचे वजन ६ किलो आहे आणि दोरीला २५ सेंमी झोळ पडला. अशा वेळी दोरीत ताण येतो सुमारे ३० किलोचा, वजनाच्या पाचपट! झोळ निम्मा केला तर ताण दुप्पट होतो. भिंतीतले खिळे उपटतात ते यामुळेच. तेव्हा दोरी तारेसारखी ताणून बांधू नये, थोडा झोळ ठेवावा. या कामाला ४ ते ५ मिमीची पॉलिस्टर दोरी पुरते. हाताने ओढायच्या दोराला मात्र ८ मिमीपेक्षा कमी जाडी नको, तळहात कापतो.

कृत्रिम धाग्याची दोरी कापली की गाभा आणि कवच एका पातळीवर धरून टोक ज्योतीजवळ न्यावे. धागे वितळून मणी धरतो, तो ओल्या फडक्याने दाबावा. वितळलेला थेंब बोटाला चिकटून खोल भाजतो. गुळगुळीत दोरीवर साधी निरगाठ सरकते, त्यामुळे टोक लांब ठेवून मागे दुसरी गाठ मारावी. गाठीपाशी ताकद एक तृतीयांश ते निम्मी घटते, म्हणून तुटण्याच्या भाराच्या पाचव्या हिश्श्यावर जाऊ नये. २५० किलोची दोरी ५० किलोचीच समजावी. दोरी कुठे चपटी किंवा पोकळ लागली, तर आतला गाभा तुटला आहे असे धरून ती बदलावी.

बैलाच्या वेसणीला नायलॉन वापरणे क्रूरपणाचे आहे, नाकाची कातडी सोलून निघते. तिथे मऊ सुती दोरीच हवी. उन्हाळ्यात गाळ काढायला विहिरीत माणूस उतरवताना तर बाजारातली कोणतीही घरगुती दोरी, कितीही जाड दिसली तरी, वापरू नये. त्यासाठी माणसाचा भार पेलायलाच बनवलेला दोर आणि कमरपट्टा वेगळे मिळतात.