रिगिंग पिन (शिडाच्या नौकेतील)

रिगिंग पिन : शिडाच्या नौकेची डोलकाठी उभी धरणाऱ्या तारा नौकेच्या अंगाला व डोलकाठीला ज्या खिळींनी जोडतात त्या खिळी, आणि त्या निसटू नयेत म्हणून घातलेले छोटे अडसर. डोलकाठीला पुढून-मागून धरणाऱ्या तारांना स्टे आणि दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या तारांना श्राउड म्हणतात. कोकणातल्या जुन्या शिडाच्या गलबतांवर हा ताण दोरखंड, कप्प्या आणि गाठी पेलत असत. पोलादी तारा आल्या तशी गाठीची जागा पिनेने घेतली.

मुख्य भार क्लेव्हिस पिन घेते. तिच्या एका टोकाला चपटे डोके आणि दुसऱ्या टोकाजवळ आरपार भोक असते. जोडाच्या दुबेळक्याच्या (दोन फाट्यांच्या तुकड्याच्या) दोन गालांतून आणि मधल्या डोळ्यातून ती जात असल्यामुळे तुटायची झाली तर तिला दोन ठिकाणी कापले जावे लागते. तिची ताकद त्यातच आहे. ही ताकद व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलते. म्हणून 8 मिमीच्या भोकात ‘चालून जाईल’ म्हणून घातलेली 6 मिमीची पिन निम्म्याहून थोडीच जास्त, सुमारे 56 टक्के ताकदीची असते. शिवाय सैल पिनेवर भार एका रेषेत एकवटतो आणि भोक हळूहळू लांबट होते. पिन भोकात हाताने सरकावी, पण आत हलू नये. लांबी इतकीच हवी की अडसराचे भोक गालाच्या लगेच बाहेर येईल.

ताणाखालची पिन सहसा जागची हलत नाही. धोका उलट बाजूला असतो. नौका वाऱ्याने कलली की वाऱ्याच्या आडोशाकडचे श्राउड ढिले पडतात आणि तासन्‌तास थरथरत राहतात. त्या थरथरीत क्लेव्हिस पिनेला जागेवर ठेवते ती स्प्लिट पिन. तिला कॉटर पिन असेही म्हणतात, पण आपल्याकडे सायकलच्या क्रँकमधली पाचरीसारखी कॉटर पिन ही वेगळी वस्तू आहे. अर्धगोल छेदाची तार दुमडून, वर डोळा आणि खाली दोन पाय अशी स्प्लिट पिन बनते. ती भोक भरून टाकेल इतकी जाड हवी. लांबीचा रूढ संकेत क्लेव्हिस पिनेच्या व्यासाच्या दीडपट असा आहे : 8 मिमीच्या पिनेला सुमारे 12 मिमी. पाय किंचित फाकवायचे, दोन्ही मिळून वीसेक अंश पुरतात. ते मागे वळवून गुंडाळण्याची सवय सर्रास दिसते, आणि ती चुकीची आहे. लांब, गुंडाळलेले पाय शीड फाडतात, हात कापतात आणि वेळेला निघत नाहीत.

ही वेळ कशी येते, ते समजून घेतले पाहिजे. 2018च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरातील वादळात भारतीय नाविक अभिलाष टॉमी यांच्या गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’ची डोलकाठी मोडली आणि नौकेच्या बाजूला लटकत राहिली. ती मोडली वादळाने. पिनांचा प्रश्न त्यानंतर येतो. तारांना अडकून राहिलेली डोलकाठी प्रत्येक लाटेबरोबर नौकेच्या अंगावर आदळून भोक पाडू शकते. अशा वेळी तारा कापाव्या लागतात किंवा पिना काढून सोडाव्या लागतात, तेही अंधारात, हेलकाव्यात, एका पकडीच्या जोरावर. म्हणून पिन निवडताना दोन्ही गोष्टी एकदमच पाहाव्या लागतात : ती आपणहून निघणार नाही, आणि आपण काढली तर लगेच निघेल.

चावीच्या जुडग्याला असते तशी वेटोळी कडीही अडसर म्हणून वापरतात. दर फेरीनंतर डोलकाठी उतरवावी लागणाऱ्या छोट्या डिंगींवर ती सोयीची आहे. पण दोरी किंवा शिडाची कड तिच्यात अडकली तर ती उलगडत बाहेर ओढली जाते. सागरी नौकेवर, विशेषतः डोलकाठीच्या वरच्या भागात, तिला जागा नसावी.

ताण कमीजास्त करणाऱ्या टर्नबकलमध्ये एका टोकाचे आटे उजवे, तर दुसऱ्याचे डावे असतात. त्यामुळे मधला भाग फिरला की दोन्ही टोके एकदमच सुटू लागतात. नुसत्या लॉकनटवर विसंबू नये, कारण थरथरीने तो सैल होतो. आट्यांच्या दोन्ही टोकांतून स्प्लिट पिना घालून त्यांचे पाय टर्नबकलच्या चौकटीच्या आत ठेवणे अधिक भरवशाचे. स्टेनलेसचे आटे स्टेनलेसवरच ताणाखाली फिरवले तर ते एकमेकांत रुतून कायमचे जाम होतात, म्हणून अनेक चांगल्या टर्नबकलचे अंग कांस्याचे असते.

धातूच्या बाबतीत 316 प्रतीचे स्टेनलेस पोलाद निवडावे. त्यातले 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम खाऱ्या पाण्यात पडणाऱ्या खळग्यांना अटकाव करते. 304 प्रतीत ते नसते. लोहचुंबक लावून या दोहोंतला फरक कळत नाही, तेव्हा खात्रीच्या दुकानातूनच घ्यावे. मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळणारी जस्ताचा मुलामा दिलेली स्प्लिट पिन दिसायला सारखीच असते, पण समुद्रावर तिचा मुलामा लवकर संपतो आणि गंज सुरू होतो. स्टेनलेसचे संरक्षण करणारा पापुद्रा हवेतल्या ऑक्सिजनवर टिकतो. म्हणूनच पिना चिकटपट्टीने हवाबंद करू नयेत; आत कोंडलेल्या खाऱ्या ओलीत चांगले पोलादही कुजते. टोके झाकण्यापुरता एखादा वेढा पुरे, खालून पाणी निथळायला वाट ठेवून.

शॅकलची, म्हणजे पिनेने बंद होणाऱ्या यू-आकाराच्या कडीची, पिन आट्यांची असते. कायमच्या जागी ती मोनेल (निकेल-तांब्याचा मिश्रधातू) किंवा स्टेनलेसच्या तारेने बांधतात. प्लास्टिकची पट्टी उन्हाने ठिसूळ होते, ती तात्पुरत्या कामापुरतीच.

वाकवलेली स्प्लिट पिन पुन्हा सरळ करून वापरू नये. वाकवल्याने धातू कडक होतो आणि दुसऱ्या वाकात तडकतो. दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये गोव्यातच बांधलेल्या ‘म्हादई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती वाटेत चार बंदरांवर थांबून. अशा दोन बंदरांमधल्या आठवड्यांत दुकान नसते. त्यामुळे नौकेवरच्या प्रत्येक मापाच्या क्लेव्हिस पिना आणि मूठभर नव्या स्प्लिट पिना डब्यात असाव्यात, आणि निघण्यापूर्वी कोणीतरी डोलकाठीच्या टोकापर्यंत चढून प्रत्येक पिनेला हात लावून पाहावे.