डॉक्युमेंटरी करून घ्यायचीय? मग बुकिंगच्या आधी एवढं वाचा

आमच्याकडं फोन येतो तो बहुतेक असा, "संस्थेला पन्नास वर्षं झाली, एक दिवस कॅमेरा घेऊन या आणि डॉक्युमेंटरी करून द्या." येतो की, पण एका दिवसात फक्त हारतुरे आणि भाषणं मिळतात. आम्ही पहिल्या दोन-तीन भेटींना कॅमेरा आणतच नाही, नुसतं बसतो, चहा पितो, कोण कधी काय करतं ते वहीत लिहून घेतो. या दिवसांचे पैसे बिलात लागतात आणि घासाघीस नेमकी त्यावरच होते, पण फिल्म कशी होणार ते तिथंच ठरतं त्यामुळं तेवढे कमी करायला सांगू नका.

तारीख कामाप्रमाणं धरा. हळदीवर फिल्म पाहिजे तर काढणी, शिजवणं, वाळवणं, पॉलिश हे साधारण जानेवारी ते मार्च, मे महिन्यात आलात तर रानात दाखवायचं काय? साखर कारखाना गळीत हंगामातच. कासची फुलं ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, पण तिथं धुकं कधी उतरेल सांगता येत नाही म्हणून दोन दिवस जादा धरायचे.

आता आवाज, यात आम्ही जरा हट्टी आहोत. मिरजेत सतारीच्या एका कारखान्यात शूट होतं, जवारी काढायचं काम चाललेलं, म्हणजे कारागीर घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) कानस फिरवतो, तार छेडतो, कान लावतो, परत घासतो, सगळा जीव त्या बारीक झंकारात. चित्र झकास आलं आणि झंकारावर पंख्याची घरघर! चूक आमचीच, स्वखर्चानं परत गेलो. तेव्हापासून शूटच्या खोलीत पंखा बंद, फ्रीज बंद, आणि फ्रीजमध्ये गाडीची किल्ली ठेवतो म्हणजे निघताना तो चालू करायचं विसरत नाही (वहिनींची दुधाची पातेली आठवतात). शेवटी एक मिनिट रिकाम्या खोलीचा आवाज घेतो, एडिटला लागतो, तेव्हा कृपया कुणी हसू नका.

बाईटसाठी, म्हणजे कॅमेऱ्यासमोर बोलण्यासाठी, आजोबांना भाषण पाठ करायला लावू नका. फक्त उत्तर पूर्ण वाक्यात द्यायला सांगा, कारण आमचा प्रश्न फिल्ममध्ये नसतो. "दुकान कधी काढलं?" "अडुसष्टला." हे कापून लावता येत नाही, "आम्ही दुकान १९६८ ला काढलं" हे लागतं.

शूट ४के मध्ये, सेकंदाला २५ फ्रेमनं, कारण आपली लाईट ५० हर्ट्झची आहे, नाहीतर काही ट्यूबलाईट फडफडताना दिसतात. आमच्या सेटिंगला तासाला साधारण ४५ जीबी फुटेज होतं. रोज रात्री दोन हार्डडिस्कवर कॉपी करतो आणि त्या दोन वेगळ्या घरात ठेवतो, २०१९ चा पूर बघितलेल्या सांगलीकरांना कारण सांगायला नको. तुमचे जुने फोटोपण आधी स्कॅन करून घ्या, त्या पुरात कितीतरी घरातले अल्बम गेले.

ड्रोन पाहिजे असेल तर आधी सांगा, सरकारच्या ड्रोन मॅपवर ती जागा कुठल्या झोनमध्ये येते ते बघावं लागतं, परवानगी न लागणाऱ्या ग्रीन झोनमध्येपण ४०० फुटांच्या वर नेता येत नाही.

ॲडव्हान्स निम्मा, बाकी पहिला कट (एडिट केलेली पहिली फिल्म) बघितल्यावर. बदल दोन वेळा फुकट, पण "साहेबांचा अजून एक फोटो घाला" हापण बदलच धरला जातो. भेटायला येताना जुने फोटो, कात्रणं आणि संस्थेतला सगळ्यात जुना माणूस, तिन्ही घेऊन या, दुपारी चारनंतर.