वजाबाकीतली दुसरी संख्या : अतिरिक्त मृत्यूंच्या मोजणीची पार्श्वभूमी

एखाद्या प्रदेशात एरवी जितकी माणसे दगावतात, त्याहून किती जास्त माणसे एका ठरावीक काळात दगावली, या प्रश्नाच्या उत्तराला 'अतिरिक्त मृत्यू' म्हणतात. हिशेब दिसायला साध्या वजाबाकीचा आहे. नोंदलेल्या मृत्यूंमधून अपेक्षित मृत्यू वजा करायचे. वादाचे मूळ मात्र नेहमी या दुसऱ्या संख्येत असते, कारण नोंदलेले मृत्यू कुठल्या ना कुठल्या दप्तरात सापडतात. अपेक्षित मृत्यू कोणत्याही दप्तरात लिहिलेले नसतात, ते मागच्या वर्षांवरून बसवावे लागतात. नाशिक जिल्ह्यासारख्या एका जिल्ह्यापुरता हा हिशेब करू गेल्यास अडचणी कमी होत नाहीत, उलट वाढतात.

ही युक्ती पहिल्यांदा लढवली ती एका व्यापाऱ्याने. लंडनच्या जॉन ग्रांटने १६६२ मध्ये शहरातील दफनांचे जुने साप्ताहिक तक्ते चाळून काढले. १६२५ या प्लेगच्या वर्षी त्या तक्त्यांत प्लेगने ३५,४१७ आणि इतर आजारांनी १८,८४८ माणसे गेल्याची नोंद होती. मागच्यापुढच्या वर्षांत इतर आजारांनी सात-आठ हजारच माणसे जात असत. मग नेमक्या प्लेगच्याच वर्षी इतर आजार अडीचपट कसे बळावले? ग्रांटने निष्कर्ष काढला की त्यांतले सुमारे अकरा हजार मृत्यू प्लेगचेच असून ते दुसऱ्या नावाखाली लिहिले गेले आहेत. पुढच्या साडेतीनशे वर्षांतल्या पद्धतींनी गणित पुष्कळ बारीक केले, परंतु तर्क हाच राहिला. विल्यम फार यांनी १८४७ च्या लंडनमधील इन्फ्लुएंझाच्या साथीत तो पुन्हा वापरला, आणि अमेरिकेत रॉबर्ट सर्फलिंग यांनी १९६३ मध्ये अपेक्षित मृत्यूंना ऋतुमानाप्रमाणे वरखाली होणारी रेषा दिली, कारण हिवाळ्यातले मृत्यू उन्हाळ्यातल्या सरासरीशी ताडून काही हाती लागत नाही.

आपल्याकडे मृत्यूची नोंद गावकामगारांच्या हाती होती. कुणबी नोंदींच्या शोधामुळे २०२३ पासून घराघरात माहीत झालेला 'गाव नमुना १४' हा मुळात जन्ममृत्यूचाच. त्यातली अनेक जुनी पाने मोडी लिपीत आहेत. नाव, जात, वय आणि मरणाचे कारण अशी ती नोंद असे. कारणांचे रकाने मोजकेच होते : पटकी (कॉलरा), देवी, प्लेग, ताप, हगवण, अपघात आणि राहिलेले सगळे 'इतर'. प्लेग १८९६ मध्ये मुंबईत आला आणि लवकरच नाशिककडे सरकला. १८९९ मध्ये भगूरला सावरकर बंधूंचे वडील दामोदरपंत त्यानेच गेले. प्लेगची गाठ पाटलालाही दिसत होती, त्यामुळे तो रोग निदान स्वतःच्या नावाने दप्तरात गेला. १९१८ च्या इन्फ्लुएंझाला अशी खूणच नव्हती. त्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मुंबई इलाख्यात हाहाकार उडाला, त्यात पाऊसही दगा देऊन गेलेला, आणि गावोगावच्या वह्यांत मरणाचे कारण बहुतेक ठिकाणी एकाच शब्दात उतरले : ताप.

त्यामुळे १९१८ ची मनुष्यहानी मोजायला वजाबाकीखेरीज मार्गच उरला नाही, आणि ती प्रत्येकाने वेगळी केली. सुरुवातीचा सरकारी अंदाज देशभरात सुमारे ६० लाखांचा होता. जनगणनेतली तूट धरून किंग्जले डेव्हिस यांनी १९५१ मध्ये तो दोन कोटींच्या घरात नेला. २०१२ मध्ये जिल्हावार जनगणनांवरून केलेल्या अभ्यासाने तो १ कोटी ३९ लाखांवर आणला. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीतील लोकसंख्या १९११ मध्ये सुमारे २ कोटी १५ लाख होती आणि १९२१ मध्ये २ कोटी ८ लाख भरली. एका दशकात माणसे वाढण्याऐवजी घटल्याचा प्रसंग राज्याच्या जनगणनेत त्यानंतर आलेला नाही.

कोणता काळ मोजायचा, हा प्रश्नही दुसऱ्या संख्येइतकाच निर्णायक असतो, हे बंगालच्या दुष्काळाने दाखवले. १९४५ च्या चौकशी आयोगाने १९४३ आणि १९४४ चे पहिले सहा महिने घेऊन, मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी तुलना करून, सुमारे १५ लाख अतिरिक्त मृत्यू मानले. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये तोच हिशेब १९४६ पर्यंत ओढला, नोंदीतली गळतीही लक्षात घेतली, आणि आकडा ३० लाखांच्या आसपास गेला. दुष्काळ सरला तरी त्याच्या पाठोपाठ आलेला हिवताप आणि देवी सरल्या नव्हत्या.

स्वातंत्र्यानंतर दोन यंत्रणा उभ्या राहिल्या. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने नोंद करणे बंधनकारक केले, आणि त्याच सुमारास नमुना नोंदणी पद्धती देशभर सुरू झाली, जिच्यात निवडक गावांत व शहरी भागांत एक माणूस वर्षभर नोंद ठेवतो व दुसरा दर सहा महिन्यांनी घरोघरी जाऊन ती पडताळतो. या दुसऱ्या पद्धतीनुसार महाराष्ट्राचा मृत्युदर कोरोनापूर्वी हजारी साडेपाचच्या आसपास होता. पण तिचा नमुना राज्यापुरता पुरतो, जिल्ह्याला पुरत नाही. म्हणजे नाशिकचा हिशेब करणाऱ्याला ग्रामपंचायती, नगरपालिका आणि महापालिकांच्या नोंदींवरच विसंबावे लागते. (रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची नावे सापडतात, परंतु किती माणसांपैकी ती गेली हे त्या सांगत नाहीत, आणि यजमान तर साऱ्या देशातून आलेले असतात.)

आता प्रत्यक्ष हिशेबाकडे पाहू. जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ४९ लाख ९४ हजार होती, २०११ मध्ये ती ६१ लाख ७ हजार झाली. म्हणजे वाढ वर्षाला दोन टक्क्यांच्या जवळ. हजारी साडेपाचचा दर धरला तर ६१ लाखांवर वर्षाला सुमारे साडेतेहेतीस हजार मृत्यू अपेक्षित ठरतात. आता २०२० ची तुलना २०१५ ते २०१९ या पाच वर्षांच्या साध्या सरासरीशी केली, तर ती सरासरी वस्तुतः २०१७ ची असते, तीन वर्षे मागची. लोकसंख्यावाढीचा जुनाच वेग पुढे चालू राहिला असे मानले, तर एकही जादा माणूस न दगावता केवळ माणसे वाढल्यामुळे सहा टक्के, म्हणजे सुमारे दोन हजार मृत्यू 'अतिरिक्त' दिसतील. नोंदणी सुधारली की त्यात आणखी भर पडते, कारण पूर्वी घरी झालेले आणि कागदावर न आलेले मृत्यू आता दिसू लागतात. वृद्धांचे प्रमाण वाढले तरी हेच होते. म्हणून संख्यांऐवजी दर घ्यावे लागतात, तेही वयोगटवार. आणि दर काढायला छेदस्थानी लोकसंख्या लागते, जी २०११ नंतर कोणी मोजलेलीच नाही, नुसती प्रक्षेपित आहे.

दुसरी अडचण नाशिकच्या भूगोलातली आहे. मृत्यूची नोंद माणूस जिथे राहतो तिथे होत नाही, जिथे मरतो तिथे होते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, दिंडोरीकडचे अत्यवस्थ रुग्ण नाशिक शहरात आणले जातात आणि त्यांतले जे वाचत नाहीत ते शहराच्या खात्यात जमा होतात. नुसते तालुक्यांचे तक्ते पाहिले तर सुरगाण्यात माणसे मरतच नाहीत आणि नाशकात फार मरतात, असा उफराटा अर्थ निघू शकतो. सिंहस्थाच्या वर्षी तर नोंद नाशिकची आणि माणूस कुठल्याही राज्याचा.

आकडा बरोबर आला तरी तो कारण सांगत नाही, याचे उदाहरण जिल्ह्यातच घडले. एप्रिल २०२० मध्ये मालेगावच्या कब्रस्तानांतील दफने आदल्या वर्षीच्या एप्रिलच्या दुपटीच्या आसपास गेली, मात्र त्या वेळी कोरोनाचे म्हणून नोंदलेले मृत्यू त्यामानाने थोडे होते. तपासणीवाचून गेलेले कोरोनाचे रुग्ण किती, आणि खासगी दवाखाने बंद असल्याने मधुमेहाला, हृदयविकाराला वेळेवर उपचार न मिळालेले किती, याची वाटणी वजाबाकीतून होत नाही. याउलट २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकमधील एका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून २२ रुग्ण गेले, ते एकेका नावाने मोजता आले. २०२० च्या टाळेबंदीत रस्त्यावरचे अपघात घटले होते, म्हणजे काही मृत्यू टळलेही होते. अतिरिक्ताच्या आकड्यात ते आधीच वळते झालेले असतात.

देशपातळीवर हा वाद मे २०२२ मध्ये उघड झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० आणि २०२१ मिळून भारतात सुमारे ४७ लाख अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज दिला. सरकारने त्यामागच्या गणिती प्रतिमानावर आक्षेप घेतला. कोरोनाची अधिकृत मृत्युसंख्या त्याच काळासाठी पाच लाखांच्या आत होती. नागरी नोंदणीचे आकडे टप्प्याटप्प्याने आले : २०१९ मध्ये नोंदलेले मृत्यू ७६ लाख ४० हजार, २०२० मध्ये ८१ लाख २० हजार, आणि मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार २०२१ मध्ये १ कोटी २ लाख. एका वर्षात २१ लाखांची वाढ नोंदणीतील सुधारणेने समजावून सांगणे कठीण आहे, पण ती पूर्णपणे साथीच्या खात्यावर टाकणेही माझ्या मते घाईचे होईल.

नाशिकपुरता आकडा नीट बसवायचा तर मृत्यूच्या अहवालात एक रकाना आधीपासूनच आहे, मृताचा नेहमीच्या राहण्याचा पत्ता. तक्ते त्या रकान्यावरून केले तर सुरगाण्याचे मृत्यू सुरगाण्याला परत जातील. छेदासाठी मात्र जनगणनेची वाट पाहावी लागणार. तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. त्या मोजणीवरून मागे येत २०२० आणि २०२१ ची जिल्ह्याची लोकसंख्या नव्याने काढता येईल, आणि आज वापरात असलेले दर त्या वेळी पुन्हा मांडावे लागतील.